मेन पाडणारा माणूस

मोतीराम हिवराळे हे सावध गृहस्थ आहेत. 'भित्रा' हा शब्द त्यांच्या बायकोचा, आणि कडूबाई शब्द तोलूनमापून वापरत नाहीत हे मुकुंदवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस सावध होतोच. कागद हातात घेण्याआधी तो दोन्ही बाजूंनी बघतो आणि गॅस बंद केल्यावर परत एकदा बंद करतो. भटकी कुत्री, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेले फोन, जुनी सीताफळं, या सगळ्यांना मोतीराम घाबरत. पण ही भीती किरकोळीतली. घाऊक भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे वीज.

वीज म्हणजे आभाळातली आणि तारेतली, दोन्ही. त्यांच्या मते या दोघी सख्ख्या बहिणी. एक वर राहते, एक भिंतीत राहते, आणि आभाळ गरजलं की वरची खालचीला भेटायला येते. भेटीचं ठिकाण हिवराळ्यांचं घर असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यामुळे करमाडच्या अंगाला ढग नुसता गुरगुरला तरी मोतीराम रबरी चप्पल घालत, लाकडी स्टुलावर चढत, हाताला कोरडा टॉवेल गुंडाळत आणि दाराशेजारच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढत. मग ढग पांगेपर्यंत घर अंधारात बसे. शेजारचे आप्पासाहेब म्हणत, "टीव्हीवरच्या हवामानाचं काय घेऊन बसलात? हिवराळ्यांचा मेन पडला की गच्चीवरचे पापड उचलायचे."

याच मेनने मार्च महिन्यात घात केला.

मोनाली ही हिवराळ्यांची एकुलती एक लेक. भूगोलात एम. एस्सी. झालेली. बेंगळुरूच्या एका कंपनीत उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे तयार करायचं काम होतं, आणि त्यासाठी दोन तासांची परीक्षा घरच्या काँप्युटरवर द्यायची होती. कॅमेऱ्यात चेहरा दिसला पाहिजे, खोलीत दुसरं कोणी नको, आणि काँप्युटर मध्येच बंद पडला की परीक्षा तिथंच संपली, असा नियम. मोतीरामांनी अर्धा दिवस रजा टाकली. भाजीवाल्याने ओरडू नये, कुकरने शिट्टी देऊ नये असा चोख बंदोबस्त केला. "आज काही झालं तरी मेनला हात लावणार नाही," असं त्यांनी मोनालीला आदल्या दिवशी स्वतःहून सांगितलं होतं.

सव्वा तास झाला आणि अवकाळीचं आभाळ गल्लीच्या डोक्यावर येऊन कडाडलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. मोतीरामांना एवढंच दिसलं, की आतल्या खोलीत पोरगी बसली आहे, तिचा हात त्या यंत्रावर आहे आणि त्या यंत्राची वायर भिंतीत गेली आहे. पुढचं त्यांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. स्टूल, टॉवेल, दांडा. चप्पल घालायलासुद्धा ते विसरले.

आतून मोनालीचा आवाज आला, "बाबा, लाईट गेली?"

खरं बोलायची एक वेळ असते आणि ती फार थोडी असते. ती निघून जाईपर्यंत मोतीराम स्टुलावरून उतरत होते.

"गेली वाटतं," ते म्हणाले.

पाच मिनिटांनी त्यांनी दांडा हळूच वर केला आणि "आली बरं का," असंही म्हणाले, पण त्याला आता अर्थ नव्हता. मोनाली दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच चहा केला आणि बापापुढे कप ठेवत म्हणाली, "तुमचं काय चुकलं बाबा त्यात? लाईटच गेली." मोतीरामांनी चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला. एकतीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती, आणि पहिली केली ती पोटच्या पोरीच्या नावावर. सांगून टाकावं असं रोज वाटे. पण सांगितल्यावर ती ज्या नजरेने बघेल ती नजर डोळ्यांपुढे आली की ते उठून गॅस बंद आहे का बघायला जात. त्यांच्या भीतीच्या यादीत आता विजेच्याही वर एक नवी भीती जाऊन बसली. मोनालीला कळलं तर?

अशा वेळी माणसाला शेजारी नसावेत. पण होते. आप्पासाहेब मूळचे सोयगावचे. तिकडे कपाशीची जमीन, इथं दुमजली घर, आणि प्रत्येक विषयात मत. ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि सगळं ऐकून म्हणाले, "कंपनीला कळवा, हिवराळे साहेब. पण नुसतं कळवून कोण ऐकतंय? लाईट गेल्याचा दाखला जोडा. सरकारी शिक्का बघितला की मोठमोठे वाकतात."

"नाही म्हणजे, कशाला उगाच," मोतीराम म्हणाले.

"कशाला म्हणजे? पोरीचं नुकसान झालंय."

"व्हय बाबा," मोनाली म्हणाली. "दाखला मिळाला तर लई बरं होईल."

आता नाही म्हणणारा बाप कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी मोतीराम वीज कार्यालयात गेले. न गेलेल्या विजेच्या जाण्याचा दाखला मागणारा अर्ज त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिला होता. आवक टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारला, नंबर टाकला आणि मग समोरच्या पडद्यावर तारीख बघितली.

"काका, त्या दिवशी तुमच्याकडं लाईट गेलीच नाय."

"थोडीशी गेली असेल."

"एक मिनिट पण नाय. अख्ख्या मार्चमध्ये तुमच्या लाईनवर तो एकच दिवस असा आहे." बाईंच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

"मग राहू द्या. अर्ज परत द्या."

"आता कसा देऊ? शिक्का पडला, आवक नंबर पडला. आता लेखी उत्तर जाणार. टपालानं, घरच्या पत्त्यावर."

हे वाक्य मोतीरामांनी स्वतः एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. कठडा धरत धरत ते जिना उतरले आणि घरी येऊन "पाठवतो म्हणाले" एवढंच बोलले.

त्या दिवसापासून त्यांना पोस्टमनची भीती वाटू लागली. सरकारी उत्तर कधी येईल हे सरकारी माणसालाही सांगता येत नाही. आठ दिवसांत येतं, आठ महिन्यांत येतं, आणि नेमकं आपण घरी नसताना येतं. मोतीराम ऑफिसातून दुपारी फोन करून विचारत, "काही आलं का?" कडूबाई म्हणत, "काय यायचंय? पाणी? ते मंगळवारी."

आणि गंमत म्हणजे दाखल्याची गरजच पडली नाही. ज्यांची परीक्षा मध्येच तुटली त्या सगळ्यांना कंपनीने आपणहून आणखी एक संधी दिली. मे महिन्यातला शुक्रवार, अकरा ते एक. ही शेवटची, यापुढे नाही, असं खाली जाड अक्षरात लिहिलं होतं. मोनालीने आनंदाने पेढे आणले, पण 'शुक्रवार' हा शब्द ऐकून सगळ्यांचे हात पेढ्यासकट मध्येच थांबले. शुक्रवार म्हणजे तारांच्या दुरुस्तीचा वार. त्या दिवशी लाईट गेली नाही तर लोक एकमेकांना विचारतात, आज कसली सुट्टी आहे का म्हणून.

"बाबा, आपण यूपीएस घेऊ," मोनाली म्हणाली. "लाईट गेली तरी काँप्युटर चालू राहतो. पंधरा-वीस मिनिटं तरी."

मोतीरामांना एकदम देव भेटावा तसं झालं; म्हणजे ते देव मानत नाहीत, पण समजायचं. लाईट गेली तरी, किंवा कोणी घालवली तरी, काँप्युटर चालू. हे यंत्र घराला विजेपासून नव्हे, तर मोतीरामांपासून वाचवणार होतं, आणि ही गोष्ट घरात त्यांना एकट्यालाच माहीत होती. मग त्यांनी विचारलं की आत काय असतं. आत बॅटरी असते, बॅटरीत तेजाब असतं, हे कळल्यावर ते परत खुर्चीत बसले.

आप्पासाहेबांना यूपीएस म्हणजे पैशाची नासाडी वाटत होती. "माझ्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी सोयगावला पडून आहे," ते म्हणाले. "आणतो. दोन वायरी जोडा. काँप्युटर काय, पिठाची गिरणी चालंल." त्यांच्या बोलण्यात एवढा आत्मविश्वास होता की ती बॅटरी टाळायला मोतीरामांना त्याच संध्याकाळी औरंगपुऱ्यात जाऊन दुसरी विकत घ्यावी लागली.

दुकान अन्वरभाईंचं. मोतीरामांनी यूपीएसला हात न लावता चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली.

"भाई, हा फुटतो का?"

अन्वरभाईंनी चष्मा वर केला. "साब, तीस साल से बेचरा मैं. गिऱ्हाईक बहोत फुटे, बॅटरी एक नै फुटी."

"गरम होतो का?"

"थोडा होता. आदमी बी होता." मग त्यांनी बोट वर करून बजावलं, "घर जाके प्लग लगाव. आठ घंटे चार्जिंग. उसके बाद बी बंद नक्को करो. हमेशा चालू रखना. समझे क्या?"

"हमेशा?"

"हौ. हमेशा."

मोतीरामांनी त्या शब्दाचा हिशेब तिथंच मांडला. घरात माणसं झोपलेली असताना, माणसं बाहेर गेलेली असताना, तेजाबाची पेटी भिंतीतून वीज पीत बसणार. घरी येताना रिक्षात त्यांनी खोकं मांडीवर घेतलं नाही. पायाशीही ठेवलं नाही. सीटवर शेजारी बसवलं आणि स्वतः अंग चोरून दुसऱ्या टोकाला बसले.

आतल्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली काँप्युटरचं टेबल होतं. त्याच्या पायाशी यूपीएसची स्थापना झाली. प्लग लावला. हिरवा दिवा लागला आणि पेटीने एक बारीक गुणगुण सुरू केली. मोतीराम समोर खुर्ची टाकून बसले, शेजारी वाळूची बादली. तासाभराने त्यांनी हाताच्या उलट्या बाजूने पेटीला स्पर्श केला. गरम होती. ताप आलेल्या लेकराइतकी गरम. त्यांनी टॉवेल गुंडाळून प्लग उपसला.

या कामात कडूबाईंचा त्यांना पाठिंबा मिळाला, जो लग्नानंतर क्वचितच मिळाला होता. पण त्याला कारण होतं. आठ दिवसांनी एकदा नळाला पाणी येणाऱ्या शहरात त्या बाईने संसार केला होता. त्यांच्या घरात भरलेली वस्तू वापरत नसत, झाकून ठेवत. "एवढा वेळ लावलं म्हंजे भरलं असंल," त्या म्हणाल्या. "टाकी भरली की कॉक बंद करायचा. रोज रोज वापरलं तर परीक्षेच्या दिवशी काय उरंल?" हे मोतीरामांना इतकं पटलं की त्यांनी यूपीएसची दोन्ही बटणं बंद केली, वर प्लॅस्टिक टाकलं, आणि त्यावर कडूबाईंनी जुन्या साडीचा काठ लावून शिवलेलं झाकण घातलं. काँप्युटर परत जुन्या बोर्डावर आला. मोनाली दिवसभर अभ्यासिकेत असे. तिने एकदा विचारलं, "बाबा, चार्जिंग झालं ना?" मोतीराम म्हणाले, "फुल." हे मात्र ते मनापासून म्हणाले.

तीन आठवडे असे गेले. परीक्षेच्या दोन दिवस आधी, बुधवारी सकाळी मोनाली म्हणाली, "एकदा टेस्ट करून बघू. मी काँप्युटर लावते. तुम्ही मेन पाडा."

मोतीरामांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "मी?"

"मग कोण? तुम्हालाच जमतं ते."

त्या बोलण्यात काही होतं का नव्हतं, हे त्यांना चाचपून कळेना. ते स्टुलावर चढले. टॉवेल, चप्पल, सगळं यथासांग. आभाळ निरभ्र होतं आणि तरी दांडा दुसऱ्या खेपेला खाली आला. आतून टीं-टीं असा आवाज आला, कोणीतरी संकटात सापडल्यासारखा. मग तोही थांबला.

"बाबा," मोनाली आतून शांतपणे म्हणाली, "नऊ सेकंद."

फोनवर अन्वरभाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. "साब, बंद कबसे रखे?"

"तीन आठवडे. अगदी जपून ठेवला होता."

अन्वरभाई म्हणाले, "साब, बॅटरी है. अचार नै है." मग त्यांना दया आली असावी. "अब्बी लगाव. परसों तक निकालना नक्को. जित्ता भरेगा उत्ता चलेगा. बीस मिनट, दस मिनट, मैं गारंटी नै देता."

मोनालीने झाकण काढलं, नीट घडी करून आईच्या हातात दिलं आणि प्लग लावला. ती ओरडली असती तर मोतीरामांना बरं वाटलं असतं. दुसऱ्यांदा, त्यांनी मनाशी म्हटलं. एकदा भिऊन आणि एकदा जपून, पोरीचं दोनदा वाटोळं केलं.

गुरुवारचा अख्खा दिवस रजा टाकून ते त्या पेटीसमोर बसून होते. गरम झाली तरी हात लावला नाही. मांडीवर हात घट्ट बांधून बसले. कान पेटीकडे आणि अर्धा कान दाराकडे, पोस्टमनसाठी. पोस्टमन आला नाही, आप्पासाहेब आले. "कळलं का, पाण्याची पाळी बदलली," ते म्हणाले. "उद्या अकराला सुटणार." कडूबाईंनी ड्रमात वाकून पाहिलं. ड्रमाचा तळ दिसत होता.

शुक्रवारी पावणेअकराला मोनाली तयार झाली. काँप्युटर यूपीएसवर होता, वायफायचा डबाही त्यालाच जोडलेला होता. आईबापाच्या पाया पडून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मेनपाशी बसा. एक वाजेपर्यंत त्याला कोणालाच हात लावू देऊ नका."

"कोण लावतंय हात?" मोतीराम म्हणाले.

"कोणालाच," मोनाली म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

मोतीरामांना आधी अभिमान वाटला. एवढी जबाबदारी आपल्यावर टाकली. स्टूल मेनखाली ठेवून ते पहारेकऱ्यासारखे ताठ बसले. मग हळूहळू तो अभिमान थंड पडत गेला. मेनला हात लावणारा माणूस गल्लीत एकच होता, आणि तो स्टुलावर बसला होता.

अकराला पाणी सुटलं आणि गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घरघरू लागल्या. सगळ्यांत मोठा आवाज आप्पासाहेबांच्या मोटारीचा. हिवराळ्यांच्या नळाला करंगळीएवढी धार होती. कडूबाई तीही सोडत नव्हत्या. साडेअकरा झाले, बारा झाले, लाईट होती. बारा वाजून दहा मिनिटांनी ओसरीतला उजेड पिवळा झाला. मोतीरामांनी दाराबाहेर बघितलं. करमाडच्या अंगाने काळंभोर आभाळ चढून येत होतं.

पहिला गडगडाट लांबचा होता. मोतीरामांचा उजवा हात आपोआप वर गेला. त्यांनी तो डाव्या हाताने खाली ओढला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसले. दुसरा जवळ आला. तिसरा गल्लीवरच कडाडला आणि मोतीरामांना कापरं भरलं. दारापलीकडे पोरगी बसली होती, तिचा हात त्या यंत्रावर होता. मार्चमध्ये त्यांना परीक्षा दिसली नव्हती, कंपनी दिसली नव्हती, फक्त तो हात दिसला होता, आणि आताही तोच दिसत होता. वीज तारेतून येईल आणि तिला नेईल, ही गोष्ट त्यांना घरातल्या भिंतींइतकी खरी वाटत होती. दांडा डोक्यापासून हातभर वर होता. एक ओढ, की पोर वाचली. आणि एक ओढ, की पोरीचं सगळं गेलं. मोतीराम हिवराळे डोळे मिटून, ओठ चावून, आपल्याच हातांवर बसून राहिले. असं बसणं कोणाला शौर्य वाटणार नाही, पण त्यांच्या आयुष्यात त्याहून मोठं काही त्यांनी केलेलं नाही.

बारा चौतीसला पंखा मंद झाला आणि थांबला. मोटारींची घरघर एका दमात बंद पडली. मोतीरामांनी दचकून वर बघितलं. दांडा वरच होता. हात मांडीखालीच होते.

"गेली," ते म्हणाले. "खरंच गेली." शहरात लाईट गेल्याचा आनंद झालेला त्या वेळी तो एकटाच माणूस असेल.

आतून टीं असा आवाज आला. थोड्या वेळाने परत टीं. अजून सव्वीस मिनिटं राहिली होती, आणि बॅटरीत किती भरलं होतं ते बॅटरीलाच ठाऊक.

तेवढ्यात दारात आप्पासाहेब उभे राहिले, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. "हिवराळे साहेब, तुमचा तो डबा चालू आहे ना? आवाज येतोय. दहा मिनिटं माझी मोटार लावू द्या त्याच्यावर. नळाला पाणी हाय, लाईट नाय, आठ दिवस काय करायचं?"

"आत परीक्षा चालू आहे."

"मला कुठं परीक्षेला बसायचंय? वायर लावतो अन् जातो."

आप्पासाहेब उंचेपुरे, आणि मोतीरामांनी त्यांना आजवर कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. शिडी दिली होती, गाडी लावायला जागा दिली होती, ट्रॅक्टरच्या बॅटरीलासुद्धा तोंडावर नाही म्हणवलं नव्हतं. ते स्टुलावरून उठले आणि आतल्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आप्पासाहेब, पुढं येऊ नका," ते म्हणाले.

"अहो, पाणी चाललंय."

"जाऊ द्या. लेखी अर्ज करा. आज काही आत जाणार नाही."

तेवढ्यात मागच्या अंगणातून कडूबाईंची हाक आली, "अहो आप्पासाहेब, कशाला मोटार पाहिजे? सगळ्यांच्या मोटारी बंद पडल्या तर नळाला मनगटाएवढी धार आलीय. हंडे घेऊन या की." आप्पासाहेबांनी भेंडोळं तिथंच टाकलं आणि ते हंड्यांसाठी पळाले.

आतलं टीं-टीं आता घाईत आलं होतं. मोतीराम दाराला पाठ लावून ते मोजत उभे होते. मग सगळे टीं एकमेकांत मिसळून एकच लांब सूर झाला, आणि तो सूर तुटला. मोतीरामांनी घड्याळ बघितलं. बारा छप्पन्न. चार मिनिटं कमी पडली होती.

पाठीमागचं दार उघडलं. मोनालीच्या कपाळावर घाम होता. "झाला," ती म्हणाली. "बावन्नलाच सबमिट केला."

मोतीरामांनी नुसती मान हलवली, बऱ्याच वेळा.

मोनालीच्या हातात एक लिफाफा होता. "हे तुमचं. पंधरा दिवसांपूर्वी पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. कीबोर्डच्या खणात ठेवलं होतं."

शिक्का त्यांनी लांबूनच ओळखला. आत दोन ओळी होत्या. आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, सदर दिवशी आपल्या भागातील वीजपुरवठा अखंडित होता.

"तू वाचलंस?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"परीक्षा होऊ दे म्हटलं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून अजून काहीतरी केलं असतं."

ज्या नजरेला ते दोन महिने भीत होते ती शोधायला त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती नजर तिथं नव्हती. मोनाली दमलेली होती आणि त्यांच्या कापणाऱ्या हातांकडे बघत होती.

"तुझा हात होता त्याच्यावर," मोतीराम म्हणाले. "मला भीती वाटली, बाई. दुसरं काही नाही. मला फार भीती वाटली."

"माहितीय बाबा." तिने त्यांचा हात धरला. "आज पण वाटली ना?"

"लई वाटली."

तेवढ्यात आभाळ परत कडाडलं, सगळ्यांत जोरात. मोतीराम दचकले, दांड्याकडे बघितलं, मग गुन्हेगारासारखे मोनालीकडे. ती हसली. तिने खुंटीवरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला आणि स्टूल सरळ केलं.

"आता पाडा," ती म्हणाली. "पेपर झालाय."

लाईट आधीच गेलेली होती. पण मोतीरामांनी चप्पल घातली, टॉवेल गुंडाळला आणि पूर्ण मानाने दांडा खाली ओढला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. नेमकं त्याच क्षणी बाहेर "आली, आली" असा कल्ला झाला. समोरच्या घरात टीव्ही बोलू लागला, आप्पासाहेबांची मोटार घरघरली, आणि कडूबाईंच्या हंड्यात पडणारी मनगटाएवढी धार परत करंगळीएवढी झाली.

"अगं मोनाली," मागच्या अंगणातून कडूबाई ओरडल्या, "सगळ्या गल्लीत आली. आपलीच कामून नाय आली?"

मोतीराम स्टुलावर तसेच उभे होते, हात दांड्यावर. मोनालीने त्यांच्याकडे बघितलं आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.

"गेली वाटतं."